आम्ही नुसतेच हसलो

२०१८ सालच्या श्रावणातली गोष्ट. बाहेर पावसाची रिपरिप चालली होती आणि आम्ही घरची माणसे रात्रीच्या जेवणाला बसलो होतो. माझी नात त्या वर्षी तिसरीत होती. पोर मोठी नकलाकार. शेजारच्या काकूंची चाल, दूधवाल्याची आरोळी, आजोबांचे खाकरणे, सारे तिला हुबेहूब साधत असे. त्या रात्री तिने एक नवीच नक्कल केली. हातातला घास ताटात ठेवून ती उभी राहिली, मान किंचित वाकडी केली, डोळे घट्ट मिटून घेतले आणि "ब-ब-ब-बाई, म-म-मी" एवढेच म्हणून नुसते ओठ हलवीत राहिली. माझा मुलगा हसला, सून हसली आणि खोटे कशाला सांगू, मीही हसले.

हसू ओसरल्यावर मी सहज विचारले, "कुणाची गं ही नक्कल?"

"आमच्या वर्गात एक नवीन मुलगा आलाय. त्याला सगळे 'अडकित्ता' म्हणतात. बोलताना अडकतो ना, म्हणून!"

"आणि तू काय म्हणतेस त्याला?"

"मी काही नाही म्हणत, आजी. मागच्या बाकावरची मुलं म्हणतात. आम्ही नुसतेच हसतो."

एवढे सांगून ती पुन्हा जेवायला बसली. तिच्या दृष्टीने तो विषय तेथेच संपला होता. माझ्या मात्र घशाखाली घास उतरेना. ती शाळेत जे करीत होती, तेच नुकतेच आम्ही मोठ्या माणसांनी घरी बसून केले होते. ज्या मुलाला आम्ही कधी पाहिलेही नव्हते, त्याच्या बोलण्यातल्या अडखळीवर आम्ही नुसतेच हसलो होतो.

वाचकांना वाटेल, लहान मुलीच्या एका नकलेचे एवढे काय मनावर घ्यायचे? मुले एकमेकांना चिडवतात, नावे ठेवतात, चार दिवसांनी विसरतात. मीही आयुष्यभर असेच म्हणत आले. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी बत्तीस वर्षे प्राथमिक शिक्षिकेचे काम केले. त्या दीर्घ काळात मी शेकडो मुलांना लिहावाचायला शिकविले, याचा मला अभिमान आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, ती एका अशा मुलाच्या आठवणीने, की ज्याला मी काहीच देऊ शकले नाही.

१९८६ साल असावे. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. पट अठ्ठेचाळीसचा. नदीपलीकडच्या वाडीवरून एक मुलगा शाळेत येई. थोरल्या भावाचा गुडघ्यापर्यंत लोंबणारा सदरा त्याच्या अंगात असे. मुलांनी त्याचे नाव 'झबले' ठेवले होते. मधल्या सुटीत कोणी मागून सदरा ओढी, कोणी त्याच्या बाह्यांना गाठी मारी. एके दिवशी मी वह्या तपाशीत बसले असता तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "बाई, ही मुलं मला..." एवढेच तो बोलला. मी मान वर न करताच म्हणाले, "चहाड्या सांगू नयेत. जा, जागेवर बस."

तो जागेवर जाऊन बसला. पुन्हा कधी तो माझ्या टेबलाशी आला नाही. मला वाटले, भांडण मिटले. दिवाळीनंतर त्याची गैरहजेरी वाढली, तेव्हा मी त्याच्या घरी गेले. त्याची आई गोंधळून म्हणाली, "बाई, त्यो तर रोज दप्तर घिऊन जातुया की!" मग कळले, की तो रोज नदी ओलांडून गावात येई आणि शाळा सुटेपर्यंत एस. टी. स्टँडच्या बाकड्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसून राही. पुढच्याच महिन्यात त्याला त्याच्या मामाच्या गावी धाडले. त्यानंतरचे मला काही ठाऊक नाही.

चहाडी न करण्याची शिकवण आपण मुलांना फार लवकर देतो. मात्र चहाडी कशाला म्हणावे आणि गाऱ्हाणे कशाला, हे सांगायला विसरतो. दुसऱ्याला शिक्षा व्हावी एवढ्याच हेतूने सांगितलेली गोष्ट ही चहाडी. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा त्रास थांबावा म्हणून सांगितलेली गोष्ट हे गाऱ्हाणे, आणि गाऱ्हाणे ऐकणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच आहे. हा भेद नऊ वर्षांच्या मुलाला सहज समजतो. मला तो माझ्या टेबलाशी उभ्या असलेल्या मुलाला समजावता आला असता. तेवढी सवड मी काढली नाही.

मुलांमुलांतील प्रत्येक भांडण म्हणजे छळ नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. विटीवरून, पेन्सिलीवरून, खिडकीजवळच्या जागेवरून मुले भांडतात, गट्टी फू करतात आणि संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळतात. त्यात मोठ्यांनी पडण्याचे कारण नाही. छळाची जात निराळी. नॉर्वेमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी १९७० च्या सुमारास या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. छळाची त्यांनी दाखविलेली लक्षणे आज जगभर मानली जातात. दुखविण्याचा हेतू, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडणे आणि दोन्ही बाजूंच्या बळात फरक असणे, ही ती तीन लक्षणे. हे बळ मनगटाचेच असते असे नाही. ते संख्येचे असते, चुरचुरीत जिभेचे असते, चांगल्या कपड्यांचे असते, वर्गात जुने असण्याचे असते. जो एकटा आहे, नवा आहे किंवा कोणत्याही कारणाने निराळा दिसतो, त्याच्यापाशी ते नसते. नॉर्वेत तीन मुलांनी अशा छळापायी जीव दिल्यावर १९८३ साली तेथील सरकारने देशभर मोहीम सुरू केली. जगातील जवळजवळ दर तीन शाळकरी मुलांपैकी एकाला महिन्याभरात केव्हा ना केव्हा अशा त्रासाला तोंड द्यावे लागलेले असते, असे युनेस्कोने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. तेव्हा हा प्रश्न कोण्या एका शाळेचा किंवा गावाचा नाही.

परंतु त्या रात्री माझ्या मनात घोळत होता तो छळणारा मुलगाही नव्हे आणि छळ सोसणाराही नव्हे. माझ्या मनात होती ती हसणारी माझी नात. आपण आईबाप आणि शिक्षक नेहमी दोघांचाच विचार करतो. एकाला शिक्षा करावी, दुसऱ्याचे सांत्वन करावे, की काम झाले. पण वर्गात छळणारी मुले तीन असली आणि सोसणारा एक असला, तर उरलेली पस्तीस मुले काय करीत असतात? ती बघत असतात. फिनलंडमधील क्रिस्तिना साल्मिवाल्ली या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिले, की या बघणाऱ्यांचेही प्रकार असतात. कोणी छळणाऱ्याच्या मदतीला धावतो, कोणी हसून त्याला चेव आणतो, कोणी अंग चोरून बाजूला राहतो आणि थोडे जण पुढे होऊन सोसणाऱ्याची बाजू घेतात. नक्कल करणाऱ्याला त्या अडखळणाऱ्या मुलाच्या दुःखातून काही मिळत नाही. त्याला हवा असतो वर्गाचा हशा. तो हशा माझी नात आपल्या परीने रोज पुरवीत होती.

कॅनडातील काही संशोधकांनी शाळांच्या मैदानांवरील असे प्रसंग चित्रित करून त्यांचा अभ्यास केला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते, की दर शंभर प्रसंगांपैकी अठ्ठ्याऐंशी प्रसंगी इतर मुले हजर होती. त्यांच्यातील कोणी मध्ये पडले, असे प्रसंग अवघे एकोणीस. परंतु मूल मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद म्हणजे दुणेची पहिली चार घरे म्हणण्याइतका वेळ! ज्या गोष्टीने एका मुलाची शाळा सुटू शकते, ती एवढ्या वेळात थांबू शकते. वाचून मला आशाही वाटली आणि लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात शेंगा सोलीत माझ्यापाशी बसली होती. मी तिला रागावले नाही. रागावण्याचा अधिकारच मी आदल्या रात्री गमावला होता. मी म्हणाले, "बाळ, काल मीही हसले, ते माझं चुकलं." ती चकित होऊन माझ्याकडे पाहू लागली. आजीचेही चुकते, ही तिला बातमी होती. मग मी विचारले, "तुम्ही हसता तेव्हा तो काय करतो?"

बराच वेळ ती गप्प राहिली. "खाली बघतो. आणि बाई प्रश्न विचारतात तेव्हा, येत असलं तरी हात वर करत नाही."

"त्याला येतं, हे तुला कसं ठाऊक?"

"त्याच्या पाटीवर बरोबर लिहिलेलं असतं."

म्हणजे तिने सारे पाहिले होते. मुलांना दिसत नाही असे नसते. मी म्हणाले, "मग तू उद्या हसली नाहीस तर?"

यावर तिने जे उत्तर दिले, ते प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ती म्हणाली, "मग ते मला चिडवायला लागतील." तिच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. 'भिऊ नकोस, त्यांना खडसावून सांग,' असे मी म्हणाले असते, तर ती वाघाच्या तोंडी जाण्याची आज्ञा झाली असती. आठ वर्षांच्या मुलीकडून मोठ्या माणसालाही न जमणाऱ्या धैर्याची अपेक्षा करणे योग्य नव्हे. म्हणून आम्ही दोघींनी मिळून तिला झेपतील अशा तीनच गोष्टी ठरविल्या. नक्कल सुरू झाली, की हसायचे नाही. नंतर केव्हातरी त्या मुलाशी एखादे साधे वाक्य बोलायचे, खेळायला बोलावायचे किंवा शेजारी बसायचे. आणि घडले ते घरी किंवा बाईंना सांगायचे. ही चहाडी नव्हे, हे मी तिला दोनदा समजावले. दोनदा कशासाठी, ते तिला कळले नसेल.

पहिल्या दिवशी तिला जमले नाही. घरी आल्यावर दप्तर न उतरविताच तिने कबूल केले, "आजी, मी आज पण हसले. सगळे हसले की हसू येतंच." मी म्हणाले, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी ती हसली नाही, पण बोललीही नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत खिचडीची ताटली घेऊन ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. काय बोललीस, म्हणून मी विचारले. "काहीच नाही. तो पण काही नाही बोलला. आम्ही खिचडी खाल्ली." मला वाटते, त्या मुलाला त्या दिवशी एवढेच पुरेसे होते.

मुलांवर सारा भार टाकून आपण मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. मी तिच्या वर्गाच्या बाईंना भेटायला गेले. तरुण मुलगी, कामसू. पट मोठा, कागदपत्रांचे ओझे त्याहून मोठे. प्रथम त्या म्हणाल्या, "आजी, मुलं आहेत ती. चालायचंच." माझेच जुने शब्द तीस वर्षांनी मला ऐकू आले. मी त्यांना उपदेश केला नाही. नदीपलीकडच्या मुलाची गोष्ट तेवढी सांगितली. ती ऐकल्यावर त्यांनी हातातली वही मिटली आणि म्हणाल्या, "एक सांगू? सगळा वर्ग मिळून पाढे म्हणतो ना, तेव्हा हा मुलगा अजिबात अडखळत नाही. एकट्याला उभं केलं, की अडतो."

बाईंनी टिपलेली ही गोष्ट शास्त्राला धरूनच होती. तोतरेपणा हा खोडकरपणा नव्हे, आळस नव्हे किंवा बुद्धीचा उणेपणाही नव्हे. दर शंभर मुलांतील सुमारे पाच मुले लहानपणी काही काळ अडखळत बोलतात. त्यांतील बहुतेकांचे बोलणे पुढे आपोआप सुधारते, थोड्यांचे तसेच राहते. अडखळणारी माणसे गाताना किंवा दुसऱ्याबरोबर एका सुरात म्हणताना बहुधा अडखळत नाहीत. त्यांना 'सावकाश बोल', 'श्वास घे' असे टोकल्याने किंवा त्यांचे वाक्य आपणच पुरे केल्याने उपयोग होत नाही, उलट संकोच वाढतो. त्यांच्याकडे पाहत, घाई न करता, ते काय सांगत आहेत तिकडे लक्ष देऊन ऐकावे, हेच उत्तम. वाचोपचार करणारे तज्ज्ञ आता मोठ्या शहरांतील रुग्णालयांत भेटतात, आणि मैसूर व मुंबई येथे या कामासाठी राष्ट्रीय संस्था आहेत. बाईंनी त्या मुलाच्या वडिलांना ही माहिती दिली.

वर्गात त्यांनी जे केले, ते मला फार आवडले. त्यांनी त्या मुलाला उभे करून 'याला चिडवू नका' असे भाषण दिले नाही. तसे केले असते, तर त्याच्या व्यंगावर बोट ठेवल्यासारखेच झाले असते. त्यांनी साऱ्या वर्गासाठी एक नवा नियम केला: पाढे, कविता, धड्याचे वाचन, सारे काही आठवड्यातून दोन दिवस जोडीने म्हणायचे. दर आठवड्याला जोडी बदलायची. कोणासाठी हे केले, हे कोणालाच कळले नाही. जोडीत तो मुलगा स्वच्छ म्हणू लागला आणि पुष्कळ मुलांनी त्याचा आवाज प्रथमच ऐकला.

नक्कल करणाऱ्यांचा जो म्होरक्या होता, त्याच्याशी बाई शाळा सुटल्यावर एकट्याशीच बोलल्या. सर्वांसमोर कान धरून माफी मागायला लावले, तर मूल शरमते, पण सुधारत नाही. उलट त्या शरमेचा सूड ते पुन्हा दुबळ्यावरच उगवते. बाईंनी त्याला स्पष्ट सांगितले, की हे पुन्हा चालणार नाही. मग त्याला विचारले, की तुला घरी काय म्हणून हाक मारतात? तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी कळले, की एका वर्षी मागे राहिल्यापासून त्याचा थोरला भाऊ त्याला 'ढ' म्हणूनच हाक मारीत असे आणि त्यावर सारे घर हसत असे. छळणारे मूल जन्मतः दुष्ट नसते. पुष्कळदा ते आपल्याला जे मिळाले, तेच पुढे वाटीत असते. म्हणून 'तू वाईट आहेस' असे न म्हणता 'तू केलेस ते वाईट आहे, आणि तुला चांगले करता येते' असे सांगावे लागते. बाईंनी त्याच्याकडे खिचडीच्या वेळी पहिलीच्या मुलांना ताटल्या वाटण्याचे काम दिले. लहानांनी त्याला 'दादा' म्हणायला सुरुवात केली. 'ढ' म्हणविला जाणारा मुलगा 'दादा' झाला, तेव्हा त्याला नकलेची गरज उरली नाही. हे सारे आठ दिवसांत घडले असे मात्र कोणी समजू नये. मध्ये दोनदा तो घसरला आणि बाईंना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

या निमित्ताने मी आमचे घरही जरा निरखून पाहिले. नातेवाइकांपैकी कोणाला आम्ही 'जाड्या', कोणाला 'काळी', कोणाला 'बुटकेराव' म्हणत असू. सारे प्रेमाने! पण दुसऱ्याच्या शरीरावरून, रंगावरून, बोलण्यावरून नाव ठेवता येते, हा धडा मुलांनी घरीच गिरविलेला असतो. जात, धंदा आणि गरिबी यांवरून बोलले जाणारे हलके शब्दही मुले अशीच उचलतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की शाळेत त्यांना स्वतःच्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे आणि नळाला हात लावण्याची मुभा नसल्याने शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे. तेथे मुलांनी निराळा छळ करण्याची गरजच नव्हती. मोठ्यांच्या जगाने तो रीत म्हणून बसविला होता. आपल्या घरातून आजही अशी कोणती रीत मुलाच्या दप्तरात जाते, हे ज्याचे त्याने तपासावे. आम्ही त्या महिन्यापासून घरातली सारी टोपणनावे बंद केली. 'काळी' म्हणविली जाणारी माझी भाची, वय वर्षे चाळीस, ते ऐकून म्हणाली, "आत्या, फार बरं केलंत. लहानपणी मी फार रडायची." आम्हांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते.

ज्यांचे मूल स्वतः छळ सोसत असेल, अशा आईबापांनाही अनुभवाने दोन शब्द सांगावेसे वाटतात. मूल क्वचितच सरळ सांगते. दर सोमवारी सकाळी पोट दुखणे, वह्या फाटणे, डबा रिकामा येऊनही मूल भुकेले असणे, नेहमीचा रस्ता टाळणे, या खुणा ओळखाव्यात. बोलू लागले, तर पूर्ण ऐकावे आणि प्रथम 'सांगितलंस, बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही' असे म्हणावे. 'लक्ष देऊ नको' म्हटल्याने ते एकटे पडते. 'तूही दोन ठेवून दे' म्हटल्याने त्याच्यापाशी नसलेल्या बळाचीच आपण त्याला आठवण करून देतो. काय, केव्हा, कोठे घडले, ते तारखेनिशी लिहून ठेवावे आणि शांतपणे वर्गशिक्षकांना भेटावे. दुसऱ्या मुलाच्या दारात भांडायला जाऊ नये. मान ताठ ठेवून 'मला हे आवडत नाही, थांबव' एवढे म्हणून मोठ्यांकडे जाण्याचा सराव घरी खेळासारखा करून घेता येतो. त्याला एक तरी सोबती मिळेल, असे पाहावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमान्वये शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे, हेही पालकांना ठाऊक असावे. अगदीच मार्ग न दिसल्यास १०९८ हा मुलांच्या मदतीचा विनामूल्य दूरध्वनी देशात कोठूनही लावता येतो.

बाईंनी पुढे मला शनिवारी सकाळी वर्गाला गोष्टी सांगायला बोलावले. गुजरातेतील भावनगरचे गिजुभाई बधेका यांनी 'दिवास्वप्न' या पुस्तकात गोष्टीच्या वाटेने वर्ग जिंकणारा शिक्षक रंगविला आहे. नोकरीत असताना ते पुस्तक मी वाचले होते. त्याप्रमाणे वागण्याची संधी मला निवृत्तीनंतर मिळाली! मी तात्पर्य कधी सांगितले नाही. गोष्ट मध्येच थांबवून एवढेच विचारीत असे, "तेव्हा त्याला काय वाटलं असेल?" आणि मग, "तिथं आणखी कोण कोण होतं? ते काय करत होते?" मुले उत्तरे देता देता आपल्याच वर्गाच्या गोष्टी सांगू लागत.

फेब्रुवारीतला एक शनिवार मला विशेष आठवतो. माझी गोष्ट सुरू होण्यापूर्वी बाई पाढे घेत होत्या. त्या दिवशी जोडीचा वार नव्हता. बाईंनी विचारले, "बाराचा कोण म्हणेल?" आणि त्या मुलाने हात वर केला. एकट्याने. तो उभा राहिला, म्हणू लागला. साठपर्यंत आला, बहात्तरपर्यंत आला. "बारा साते..." तेथे तो अडला. मान वाकडी झाली, डोळे मिटले, ओठ हलू लागले. माझी नात दुसऱ्या बाकावर बसली होती. मागच्या बाकावर तो 'दादा' होता. अडतीस मुलांना उत्तर ठाऊक होते आणि त्यांतील एकानेही ते सांगितले नाही. कोणी हसले नाही, कोणी खाकरले नाही, कोणी खाली पाहिले नाही. मुले नुसती वाट पाहत राहिली. किती वेळ, ते मी सांगू शकणार नाही. मला तो फार मोठा वाटला. मग "चौऱ्याऐंशी" असा आवाज आला आणि पाढा पुढे सुरू झाला.

तो मुलगा त्यानंतरही अडखळत बोले. चौथी झाल्यावर त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले. जाताना त्याने नातीला आपली एक गोटी दिली. ती अजून तिच्या कंपासपेटीत आहे.

दया, सहानुभूती, माणुसकी असे मोठे शब्द मी आयुष्यभर फळ्यावर सुविचार म्हणून लिहिले. त्या शनिवारी मला त्यांचा अर्थ तिसरीच्या वर्गाने दाखविला. अडलेल्या माणसाचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबणे, एवढाच तो होता. नदीपलीकडचा तो मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन "बाई, ही मुलं मला..." एवढे म्हणाला होता. त्याचे वाक्य अर्धेच राहिले, कारण मी थांबले नाही. आता कोणतेही मूल माझ्याशी बोलू लागले, की मी हातातले काम बाजूला ठेवते.